अंतराळाची चांदीची नाणी: आधी वजन, मग प्रमाणपत्र

लोणार तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: अंतराळ या विषयावरची चांदीची नाणी जमवायची आहेत, शाळेतल्या मुलांनाही दाखवता येतील. एका विक्रेत्याने तीन नग देऊ केले आहेत. १९७१ चा अमेरिकेचा 'चांदीचा' डॉलर, २०१९ चं अपोलो ११ चं खोलगट नाणं आणि उल्केचा तुकडा बसवलेलं कुक आयलंड्सचं नाणं. खरं-खोटं घरी कसं ओळखायचं, खामगावच्या सराफाकडे टंच काढून (म्हणजे चांदीची शुद्धता तपासून) मिळेल का, टिनाच्या घरात ही नाणी टिकतील का, आणि उद्या विकायची वेळ आली तर किती येतील?

तिन्ही नगांपैकी एकाचेही पैसे देण्याआधी ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सोबत एक व्हर्नियर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. अशा नाण्यांचं वजन, व्यास आणि कस टाकसाळ स्वतः जाहीर करते, त्यामुळे काट्यावरचा आकडा विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा आणि छापील प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगतो. नाण्याची नक्कल करण्यापेक्षा प्रमाणपत्राची नक्कल करणं कितीतरी सोपं असतं.

१९७१ च्या डॉलरपासून सुरुवात करतो, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते. समोर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, मागे पंजात ऑलिव्हची फांदी घेऊन चंद्रावर उतरणारा गरुड. ही मागची बाजू अपोलो ११ मोहिमेच्या बोधचिन्हावरून घेतली आहे. नाणं मोठं आहे, ३८.१ मिलिमीटरचं, हातात वजनदार लागतं, म्हणून चांदीचं वाटतं. पण १९७१ ते १९७८ या काळात निघालेले यातले बहुतेक डॉलर तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा थर दिलेले आहेत. त्यात चांदी अजिबात नाही. संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीने काही नाणी ४० टक्के चांदीची पाडली. त्यांच्यावर मानेच्या खाली, सालाच्या वर बारीक 'एस' अक्षर असतं. तिथे 'डी' असेल किंवा काहीच नसेल तर १९७१ चं ते नाणं चांदीचं समजू नका.

मात्र 'एस' दिसला की चांदी, असंही नाही. १९७१ आणि १९७२ च्या 'एस' नाण्यांना तो नियम लागू पडतो. १९७३ आणि १९७४ मध्ये त्याच टाकसाळीने 'एस' अक्षराची साधी, बिनचांदीची प्रूफ नाणीही (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली) काढली. १७७६–१९७६ अशी दोन साल असलेल्या, मागे चंद्रासमोर घंटा असलेल्या नाण्यातही दोन्ही प्रकार आहेत. म्हणून निकाल वजनावर करायचा. साधं नाणं २२.६८ ग्रॅम, चांदीचं २४.५९ ग्रॅम. आकार एकच असल्यामुळे हा जवळपास दोन ग्रॅमचा फरक धातूतूनच येतो. तो झिजेने किंवा मळाने भरून निघत नाही. कडही पाहा: साध्या नाण्याच्या कडेला लालसर तांब्याची पट्टी ठळक दिसते, चांदीच्या नाण्यात ती फिकी आणि करडी असते. २४.५९ ग्रॅमच्या नाण्यात शुद्ध चांदी ९.८४ ग्रॅम, एवढंच. 'पूर्ण चांदीचा डॉलर' म्हणून जो भाव सांगितला जातो तो या नाण्याला कधीच लागू होत नाही.

हाच गरुड १९७९ पासूनच्या सुझन अँथनी डॉलरवरही आहे. ते नाणं लहान, ८.१ ग्रॅमचं, बिनचांदीचं. तसंच सोव्हिएत संघाचे १९८१ चा गागारिनचा आणि १९८३ चा तेरेश्कोवाचा रुबल हे तांबं-निकेलचे आहेत. मुलांना दाखवायला दोन्ही सुंदर आहेत आणि स्वस्तात मिळतात, पण कोणी चांदी म्हणून विकत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. २०२० चा हबल दुर्बिणीचा अमेरिकन डॉलर पितळी रंगाचा असल्यामुळे निदान तिथे कोणी फसत नाही.

अपोलो ११ चं २०१९ चं नाणं हा तुमच्या यादीतला सर्वांत चांगला नग आहे, खरा असेल तर. चंद्रावर पाऊल ठेवल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून अमेरिकेच्या टाकसाळीने ते काढलं. पावलाच्या ठशाची बाजू आत गेलेली, आणि अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेची बाजू बाहेर फुगलेली. काचेवर ध्वज, चांद्रयान आणि आर्मस्ट्राँग यांचं प्रतिबिंब कोरलेलं आहे. पावलाच्या बाजूला मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ही तीन मोहिमांची नावं आणि मध्ये चंद्राच्या कला. चांदीचा डॉलर ३८.१ मिलिमीटर, २६.७३ ग्रॅम, ९९९ कसाचा, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी. याच संचात अर्ध्या डॉलरचं नाणं तांबं-निकेलचं आहे आणि पाच डॉलरचं सोन्याचं. एक पाच औंसांचा मोठा चांदीचा डॉलरही आहे, वजन १५५.५ ग्रॅम. विक्रेत्याला आधी विचारा, यातला नेमका कोणता. अर्ध्या डॉलरवरही तेच पाऊल आणि तीच काच असल्यामुळे नुसत्या फोटोवरून दोन्हींची गल्लत करून विकणं सोपं जातं.

भिंगातून काचेतलं प्रतिबिंब पाहा. खऱ्या नाण्यात ध्वजाची आणि यानाच्या पायांची रेषा स्वच्छ सुटी दिसते. साचा नकलून ओतलेल्या नगात ती बुजलेली असते, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेवर शिवण दिसू शकते. व्हर्नियरने जाडी मोजायच्या फंदात पडू नका. खोलगट नाण्याची जाडी कुठे धरली यावर आकडा बदलतो. व्यास मोजा, वजन करा, तेवढं पुरे. आणि सराफाच्या दुकानात किंवा घरी कोणी 'वाकलंय' म्हणून ते सपाट करायला गेलं तर नाणं संपलं, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वजन बरोबर आलं तरी शंका राहिली तर पाण्यातली घनता काढा. चांदीची घनता १०.४९. तांबं-निकेल साधारण ८.९, जर्मन सिल्व्हर (तांबं-निकेल-जस्ताचा बिनचांदीचा मिश्रधातू) त्याहून थोडी कमी, शिसं ११.३. पद्धत अशी: काट्यावर प्लॅस्टिकचा पेला ठेवा, नाणं पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक तंगूस किंवा शिवणाचा धागा बांधून ते पाण्यात असं लटकवा की तळाला आणि बाजूला टेकणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. २६.७३ ग्रॅमच्या खऱ्या नाण्यासाठी काटा २.५५ च्या आसपास दाखवेल, तांबं-निकेलच्या नकलेसाठी ३.०० च्या आसपास. एक औंसाच्या ९९९ चांदीच्या नाण्यासाठी २.९६ ते २.९७.

यात चूक कुठे होते ते सांगतो. खोलगट बाजू खाली ठेवून नाणं बुडवलं की खाली हवा अडकते, आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. म्हणून ते उभं लटकवायचं. नाणं तळाला टेकलं तर आकडा एकदम फुगतो. सहा ग्रॅमच्या लहान नाण्यावर काट्याची एका शतांश ग्रॅमची चूकही घनतेत ०.२ चा फरक पाडते. लहान नाण्यात तांबं-निकेल आणि चांदी वेगळी कळते, ९०० आणि ९९९ कस वेगळा कळत नाही. बोअरचं पाणी मुळीच वापरू नका, त्यातला क्षार वाळून पांढरे डाग पडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या, नंतर नाणं मऊ सुती कापडावर टेकवून टिपा, पुसू नका. रंगीत छपाईचं, काळसर जुनाट छटा दिलेलं आणि उल्का बसवलेलं नाणं पाण्यात घालायचंच नाही. आरशासारख्या प्रूफ नाण्यालाही अगदी शंका असेल आणि परत करायची मुदत हातात असेल तरच पाणी लावा.

चुंबकाची चाचणी करायची तर ताकदीच्या निओडिमियम चुंबकाने करा. चांदीला तो चिकटत नाही, आणि तिरक्या धरलेल्या चांदीच्या नाण्यावरून चुंबक घसरताना हळू सरकतो. पण तांब्यावरूनही तो तसाच हळू सरकतो. त्यामुळे चुंबक चिकटला तर नाणं खोटं एवढंच कळतं. चिकटला नाही म्हणून खरं, असं समजू नका.

आता औंस. आपल्याकडे तोळा म्हटलं की बाजारात १० ग्रॅम धरतात, आणि औंस म्हटलं की बऱ्याच जणांना २८ ग्रॅम आठवतात. नाण्यांचा औंस तो नव्हे. तो ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. '१ औंस ९९९' असं लिहिलेलं नाणं काट्यावर २८ च्या जवळ आलं तर ते टाकसाळीचं नाही. खरं नाणं बहुतेक वेळा ३१.१० वर किंवा किंचित जास्त येतं, ३१.०० च्या खाली आलं तर घेऊ नका.

तिसरा नग उल्केचा. लोणारला राहणाऱ्या माणसाला ही कल्पना भुरळ घालणार हे समजू शकतं, म्हणून इथे जरा थांबतो. कुक आयलंड्स, निऊए, पलाऊ, तुवालू असे छोटे देश आपलं नाव आणि मूल्य नाण्यावर छापायची परवानगी देतात. नाण्याची कल्पना आणि विक्री दुसऱ्या देशातल्या कंपन्यांची असते, नाणं पाडलंही तिकडेच जातं. नाणं कायदेशीर असतं, चांदीही बहुधा लिहिल्याप्रमाणेच असते. प्रश्न किमतीचा आहे. '९९९ नग' किंवा '५०० नग' अशी मर्यादा मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, पण अशा मालिका दर वर्षी इतक्या निघतात की नग कमी असूनही घेणारा मिळत नाही. संख्या कमी असणं आणि मागणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता सांगतो त्या किमतीऐवजी तोच नग लिलावात प्रत्यक्ष कितीला गेला ते शोधा. दोन्हींतला फरक बऱ्याचदा दुपटीचा असतो.

बसवलेला तुकडा कोणत्या उल्केचा आहे हे नावानिशी लिहिलेलं असलं पाहिजे. कॅम्पो देल सिएलो, मुओनिओनालुस्ता, सेयमचान अशी नोंदलेली नावं असतात. नुसतं 'खरी उल्का' पुरेसं नाही. लोखंडी उल्का कापून आम्लाने खुलवली की तिच्यात एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी दिसते. ती निकेलयुक्त लोखंडाचे स्फटिक लाखो वर्षं सावकाश थंड होताना बनते, कारखान्यात तशी बनवता येत नाही. पण नाण्यावरचा तुकडा कधी दोन-तीन मिलिमीटरचा असतो, त्यात नक्षी मावत नाही. तिथे तुमच्या हातात फक्त विक्रेत्याची साखळी उरते: टाकसाळीचं मूळ खोकं, क्रमांक, आणि कोणाकडून कोणाकडे आलं त्याची बिलं. लोखंडी उल्केच्या तुकड्याला चुंबक चिकटतो, म्हणून अशा नाण्यावर चुंबकाची चाचणी उलटं सांगते. आणि मोल्डावाइट, म्हणजे उल्केच्या आघाताने वितळून बनलेली हिरवट नैसर्गिक काच, बसवलेला असेल तर तिथे साध्या बाटलीच्या काचेची नक्कल सर्रास होते.

लोणारच्या उल्केचा तुकडा म्हणून कोणी काही बसवून देतो म्हटलं तर घेऊ नका. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसाल्ट खडकात आघाताने झालं हे सिद्ध आहे, पण आदळलेल्या उल्केचा हातात धरता येईल असा नोंदलेला तुकडा आजवर मिळालेला नाही. मिळतात ते वितळलेल्या बेसाल्टचे काचेसारखे खडे, आणि अभयारण्याच्या हद्दीतून तेही उचलायचे नाहीत.

खामगावला टंच निघेल का? निघेल. चांदीच्या पेढ्यांमुळे खामगावला रजतनगरी म्हणतातच, आणि तिथे काय किंवा अकोला, अमरावती, नागपूरच्या इतवारीत काय, क्ष-किरणांनी कस दाखवणारं यंत्र असलेल्या पेढ्या आणि हॉलमार्क केंद्रं आहेत. पण जाण्याआधी चार गोष्टी ठरवून जा. यंत्र चांदीच्या प्रोग्रॅमवर लावायला सांगा, अनेकदा ते सोन्यावर लावलेलं असतं. वाचन दोन्ही बाजूंच्या कोऱ्या भागावर मिळून तीन ठिकाणी घ्या. रंगीत छपाई, सोन्याचा मुलामा, काळी छटा किंवा उल्का यांच्यावर घेतलेलं वाचन निरर्थक असतं. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड चांदीचा मुलामा दिलेलं तांबं ९९९ दाखवू शकतं. यंत्राचा आकडा आणि वजन-घनतेचा आकडा दोन्ही जुळले तरच नाणं खरं माना. आणि कसोटीवर घासणं, कानसीने छेद घेणं, काउंटरवर आपटून खणक ऐकणं, यातलं काहीही करू देऊ नका. सराफाची ती नेहमीची रीत आहे, भांडं किंवा लगडी असेल तर ठीकच, पण प्रूफ नाण्यावर एक केसासारखा ओरखडाही त्याची संग्राहकाला असलेली किंमत घालवतो.

परदेशी नाण्यावर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क नसतो. तो नाही म्हणून नाणं खोटं ठरत नाही.

चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, तेव्हापासून सराफांकडे चांद्रयानाचं चित्र असलेले चांदीचे शिक्के दिसतात. आठवण म्हणून जरूर घ्या, मुलांना ते अमेरिकेच्या गरुडापेक्षा जवळचे वाटतील. पण ज्यावर देशाचं नाव आणि मूल्य नाही ते पदक आहे, आणि ते चांदीच्या भावानेच घ्यायचं व चांदीच्या भावानेच विकलं जाणार. ९९९ चा शिक्का, वजन आणि पक्कं बिल पाहा, मजुरी किती लावली ते वेगळं लिहून घ्या. भारत सरकारची चांदीची स्मारक नाणी वेगळी. त्यांचा वर्षानुवर्षं चालत आलेला नमुना ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर आणि फक्त ५० टक्के चांदी असा होता, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. ती सरकारी टाकसाळीच्या संकेतस्थळावरून थेट मागवता येतात.

किमतीचा हिशेब करताना प्रत्येक नगाचे दोन आकडे वहीत वेगळे मांडा: आतल्या चांदीची किंमत आणि तिच्यावर दिलेले जादा पैसे. सोप्या हिशेबासाठी चांदी किलोला १,००,००० धरू, म्हणजे ग्रॅमला १००. त्या दिवशीचा खरा भाव घालून तुम्ही आकडे बदला. अपोलो डॉलरमध्ये २६.७ ग्रॅम, म्हणजे २,६७० रुपयांची चांदी. ४० टक्क्यांच्या आयझेनहॉवरमध्ये ९८४ रुपयांची. सरकारी ३५ ग्रॅमच्या नाण्यात १,७५० रुपयांची. गावात किंवा तालुक्याला विकायला गेलात तर सराफ या आकड्यातूनही घट कापून देईल, कारण त्याच्यासाठी ते नाणं म्हणजे वितळवायची चांदी आहे. जादा दिलेले पैसे परत मिळवायचे तर संग्राहक शोधावा लागतो, नागपूर-पुणे-मुंबईची नाणी प्रदर्शनं किंवा लिलावगृहं गाठावी लागतात, आणि तिथे दलाली जाते. म्हणून जादा रक्कम तेवढीच द्या जेवढी अडकून राहिली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही. सोयाबीन-कापसाच्या पैशातून पेरणीच्या आधी गुंतवणूक म्हणून ही नाणी घेऊ नयेत. गुंतवणूकच हवी असेल तर साधी लगडी बरी.

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत '७०' गुण लिहून येणारी नाणी दिसतील. नाण्याची अवस्था तपासून ७० पैकी गुण देणाऱ्या एनजीसी आणि पीसीजीएस या त्या दोन मोठ्या संस्था. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ताडून पाहा, कारण डब्यांच्याही नकला होतात. आजच्या यंत्रांनी पाडलेली नाणी मुळातच निर्दोष असतात, त्यामुळे ६९ आणि ७० मधल्या फरकासाठी दुप्पट पैसे देणं मला पटत नाही. साध्या एक औंसाच्या नाण्यावर नंतर खासगी व्यापाऱ्याने निळा रंग किंवा सोन्याचा वर्ख चढवून ग्रह-तारे छापलेले असतात. ते टाकसाळीचं काम नव्हे, आणि बहुतेक संग्राहक त्याला बिघडवलेलं नाणं समजतात.

आता जपणूक. याबाबत आपल्या भागाचे काही खास त्रास आहेत, जे शहरातल्या पुस्तकात लिहिलेले सापडत नाहीत. चांदी काळी पडते ती गंधकाने, हवेतल्या अगदी अल्प गंधकवायूनेही. शेतकऱ्याच्या घरात गंधकाची भुकटी, पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, गंधकयुक्त खताच्या गोण्या त्याच खोलीत असतात जिथे लोखंडी कपाट असतं. गोबरगॅसमध्येही हाच कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. नाणी त्या खोलीत ठेवू नका, आणि गोबरगॅसच्या शेगडीच्या स्वयंपाकघराला लागून तर नाहीच. रबर बँड, रबरी वायसर असलेला स्टीलचा डबा, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र या सगळ्यांत गंधक असतं. प्लॅस्टिकचा, सिलिकॉनच्या रिंगचा घट्ट झाकणाचा डबा घ्या.

दुसरा त्रास कुलरचा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश कोरडी हवा आणि आत कुलरची ओल, त्यातच पावसाळा येतो. चांदीला ओलीचा त्रास कमी, पण लोखंडी उल्केच्या तुकड्याला त्याने गंज चढतो, आणि तो गंज चांदीवर तपकिरी ओघळासारखा उतरतो. मुओनिओनालुस्ता या बाबतीत जास्त नाजूक आहे. एक लिटरच्या डब्यात १० ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवा, नारंगी रंगाची घ्या, ती ओल शोषली की हिरवट किंवा फिकी पडते. मग मंद आचेच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरा. दिवाळीनंतर आणि जूनच्या सुरुवातीला तपासायची सवय लावा. टिनाच्या छताखालच्या फळीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून डबा ठेवला तर तापमान इतकं चढतं की उल्का चिकटवलेला गोंद सैल होतो. खालच्या खणात, आतल्या भिंतीला ठेवा. डांबरगोळ्या कपाटात असतील तर त्या काढा, त्यांची वाफ काही पारदर्शक डब्यांचं प्लॅस्टिक मऊ करते.

मऊ, वास येणारी पारदर्शक पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यातून उन्हाळ्यात चिकट हिरवट थर सुटतो आणि तो नाण्याला खातो. कडक अॅक्रिलिकच्या गोल डब्या वापरा, व्यास मिलिमीटरमध्ये जुळवून. खोलगट नाण्याला त्याची वेगळी खोल डबी लागते, सपाट नाण्याच्या डबीत दाबलं तर फुगलेला भाग घासतो. हिरवा थर आलाच असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाच्या अॅसिटोनमध्ये नाणं पाच मिनिटं बुडवून, दुसऱ्या ताज्या अॅसिटोनमध्ये धुऊन हवेवर वाळवा. काचेच्या वाटीत, दार-खिडकी उघडी ठेवून, चूल-शेगडीपासून लांब, कारण ते पेट्रोलसारखं पेट घेतं. नखपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. रंगीत नाण्याला अॅसिटोन लावलं तर चित्र निघून जाईल, उल्केचा गोंदही सुटेल.

बाकी साफसफाई करायचीच नाही. चिंच, राखोडी, टूथपेस्ट, भांडी उजळायची पावडर, लिंबू, यांनी नाणं चमकतं आणि त्याच क्षणी संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीच्या भावावर येते. काळसर जुनाट छटा मुद्दाम दिलेली असते, ती चांदी उजळायच्या द्रवाने पूर्ण जाते आणि परत आणता येत नाही. ९९९ च्या नाण्यांवर काही वर्षांनी दुधासारखे पांढरे डाग उमटतात. ते पाडण्याआधीच्या धुलाईत उरलेल्या रसायनाचे असतात असं मानलं जातं आणि ते सहसा जात नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी ताटात मांडली जाते, पंचामृत आणि हळद-कुंकू वाहिलं जातं. पूजेसाठी राणीछाप रुपया किंवा साधा शिक्का वेगळा ठेवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा की कोणता डबा उघडायचा नाही.

सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर तिन्ही नग बाजूला ठेवा आणि अमेरिकेच्या पाव डॉलरच्या चांदीच्या प्रूफ नाण्यांपासून करा. २००२ चं ओहायो, ज्यावर अंतराळवीर आणि राइट बंधूंचं विमान आहे, आणि २००४ चं फ्लोरिडा, ज्यावर अंतराळ शटल आहे. ही ९० टक्के चांदीची, ६.२५ ग्रॅमची. २०२२ चं सॅली राइड, शटलच्या खिडकीशी उभी असलेली, हे ९९९ चं, ६.३४ ग्रॅमचं. तिन्हींची बिनचांदीची आवृत्ती ५.६७ ग्रॅमची असते, म्हणजे इथेही काटाच फरक सांगतो. नंतर ब्रिटनचं २०१९ चं स्टीफन हॉकिंग यांचं ५० पेन्सचं नाणं, कृष्णविवराच्या वर्तुळांचं. चांदीची प्रूफ आवृत्ती ८ ग्रॅम, ९२५ कसाची. हेच चित्र साध्या तांबं-निकेलमध्येही आहे, तेव्हा खोकं आणि कस तपासून घ्या. ऑस्ट्रियाचं २००९ च्या खगोलशास्त्र वर्षाचं २५ युरोचं नाणं जमलं तर जरूर घ्या. बाहेर चांदीचं कडं, आत निओबियम धातू, आणि त्या धातूचा रंग कोणत्याही रंगाने आलेला नाही. विजेच्या साहाय्याने त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात, थराची जाडी बदलली की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच कारणाने दिसतात, त्यामुळे शाळेत शिकवायला हे नाणं फार उपयोगाचं आहे. मुलांच्या हातात द्यायची तर डबीसकट द्या.

अपोलो डॉलर त्यानंतर घ्या, आणि उल्केचं नाणं सर्वांत शेवटी, वरची साखळी पूर्ण असेल तरच. परदेशातून थेट मागवायचं असेल तर सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम आधी पाहा, ते बदलत असतात. शिवाय शुल्क टपालखर्चासह किमतीवर लागतं, त्यामुळे एखाद्या लहान नाण्यासाठी भारतातला व्यापारीच स्वस्त पडतो. देशातल्या खरेदीवर ३ टक्के जीएसटी धरा आणि पक्कं बिल घ्या. पार्सल विमा उतरवूनच मागवा, गावात येण्याऐवजी तालुक्याच्या टपाल कार्यालयात स्वतः जाऊन घ्या, आणि उघडताना वजन काट्यावर दिसेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. परत करताना हाच पुरावा लागतो.

प्रत्येक नाण्याला वहीचं एक पान द्या: नाव, साल, कस, टाकसाळीचं जाहीर वजन आणि तुमच्या काट्यावरचं वजन, खरेदीची तारीख, चांदीची किंमत व जादा रक्कम वेगळी, विक्रेत्याचं बिल पानाला चिकटवलेलं, दोन्ही बाजूंचा फोटो. ही वही नाण्यांच्या डब्यात न ठेवता कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा आणि घरात आणखी एका माणसाला ती वाचायला शिकवा. नाही तर अडचणीच्या वर्षी अपोलोचा डॉलर जुन्या पैंजणांसोबत मोडीत जातो.